पुष्पकला कापड चढवताना

"ब्लाउजला की परकराला?"

रविवार पेठेतल्या दुकानदाराने अस्तराचा तागा खाली काढता काढता विचारलं आणि मी खरं सांगून बसलो. "विमानाला."

त्याने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, तागा टेबलावर आपटून उलगडला आणि म्हणाला, "मग मजबूत पाहिजे." पुण्यातल्या दुकानात एवढं सहकार्य म्हणजे पुष्कळच झालं.

विमान म्हणजे एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) पुष्पकचं मॉडेल, मूळ विमानाच्या एक षष्ठांश मापाचं. खरं पुष्पक बंगळुरूला बनलं आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी केबिन, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, पंख डोक्यावर. पुढे कित्येक वर्षं देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून पोरं याच विमानावर शिकली. ज्यांच्या देखरेखीखाली ते आखलं गेलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे, हे कळल्यापासून मला ते घरचंच वाटायला लागलं. पंखांची लांबी ३६ फूट, म्हणजे माझ्या मॉडेलची ६ फूट. हिशेब सोपा, हेही ते निवडायचं एक कारण. आणि मुख्य म्हणजे ते कापडाचं विमान. सांगाडा उभा करायचा, वर कापड ताणून बसवायचं. बघायला गेलं तर आकाशकंदीलच. आत दिव्याऐवजी माणसं.

बाल्साच्या हलक्या लाकडाचा आणि प्लायचा सांगाडा करण्यात चौदा महिने गेले. त्याबद्दल इथे काही सांगत नाही, ते काम लाकडाचं आणि लाकूड मला कळतं. कापड कळत नव्हतं. आजवरची माझी सगळी मॉडेलं प्लास्टिकच्या इस्त्री-फिल्मने मढवलेली. ती फिल्म सोयीची असते, हलकी असते, पण चमकते फरसाणाच्या पाकिटासारखी. पुष्पकला ती चढवायची म्हणजे आजीला सॅटिनचं नऊवारी नेसवल्यासारखं झालं असतं.

कापड चढवायची जुनी रीत डोपची. डोप म्हणजे सेल्युलोज विरघळवून केलेलं एक वार्निश. कापडावर लावलं की वाळताना ते आक्रसतं, कापडाला ताणून धरतं आणि विणीतली भोकंही बुजवतं. माझे एक मामा तरुणपणी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते. ते घरी आले की त्यांच्या अंगाला पिकल्या केळ्यांसारखा वास यायचा. तो डोपचा, हे फार नंतर कळलं. यातला नायट्रेट डोप हा बंदुकीच्या कापसाचा आणि सिनेमाच्या जुन्या रिळांचा जवळचा नातेवाईक, ठिणगीला टपलेला. कुरिअरवाले असली वस्तू हातात धरत नाहीत, आणि धरली असती तरी कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती लावणार कुठे? आधीच्या हिवाळ्यात एका छोट्या मॉडेलवर मी लॅकर आणि थिनर वापरून पाहिलं होतं. दारं लावून, पंखा लावून, सगळी काळजी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पोह्यांचा एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "हे पोहे पॉलिश केलेत का?" त्या दिवशी थिनरचा डबा घराबाहेर गेला तो कायमचा.

म्हणून पाणी. ही काही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेत स्टुअर्ट सिस्टिम्सचा पाण्यावर आधारलेला गोंद आणि रंग माणसं बसणाऱ्या खऱ्या विमानांवर चालतो. इंग्लंडात डिलक्स मटेरियल्सचं इझी-डोप मॉडेलवाले वापरतात. पुष्कळ जण तर लाकडी फर्निचरसाठी मिळणारं पाण्यात मिसळायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पॉलिशच कापडाला लावतात. हे पॉलिश आपल्याकडे रंगाच्या दुकानात मिळतं. ब्रश नळाखाली धुता येतो, वास जवळजवळ नाही. फक्त एक गोष्ट मला वाचून कळली होती आणि करून पटली: पीयू कापडाला ताणत नाही. डोप जे काम एकट्याने करायचा, त्याचे इथे दोन भाग होतात. ताणायचं काम इस्त्रीचं, भोकं बुजवायचं काम पॉलिशचं. म्हणजे इस्त्रीने आटेल असं कापड हवं, आणि ते म्हणजे पॉलिस्टर.

दुकानातून मी पाच तऱ्हेची अस्तरं अर्धा-अर्धा मीटर आणली. घरी प्रत्येकाचा एक धागा काडेपेटीने जाळून बघितला. सुती धागा जळतो आणि कागदाच्या राखेसारखी राख पडते. पॉलिस्टर वितळून टोकाला काळा, टणक मणी होतो. एक तुकडा भेसळीचा निघाला, तो बाद. उरलेल्या चारांवर २० सेंटिमीटरचा चौकोन बॉलपेनने आखला आणि इस्त्री फिरवली. तीन चौकोन होते तसेच राहिले. २० चे २०. मला वाटलं इस्त्रीच बिघडली. चौथा मात्र डोळ्यांदेखत आवळत गेला. मोजला तर उभ्या धाग्यात १८.५, आडव्यात १९.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अहो, आटू नये म्हणून तर गिऱ्हाईक पैसे देतं! मिलमध्येच गरम करून सेट करून आणतात माल. तुमचा तो चौथा तुकडा म्हणजे हलका माल, सेटिंग नीट झालेलं नाही." म्हणजे शिंप्याने नाकारावं तेच कापड मला हवं होतं. त्या हलक्या मालाचं चार मीटर कापड घेतलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका मीटरचं वजन ५८ ग्रॅम भरलं. ४४ इंची पन्हा धरला तर चौरस मीटरला ५२ ग्रॅम. चालेल. घरी आईने ते चिमटीत धरून बघितलं. "किती विरळ आहे रे. पुरण गाळायचं का यातून?"

इथून खरं काम सुरू झालं, आणि पहिली चूकही.

कापड सांगाड्याला चिकटवायला मी सुतार वापरतात तो पांढरा गोंद घेतला. त्याचा एक गुण असा, की वाळल्यावरही गरम केला तर पुन्हा मऊ होतो आणि चिकटतो. गोंदात तेवढंच पाणी घालून तो रिब्जच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांच्या, कडांवर, पंखाच्या पुढच्या-मागच्या धारेवर ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, दुसरा हात द्यायचा, तोही वाळू द्यायचा. मग वर कापड ठेवून इस्त्री दाबायची. कापडातून गोंद वर येतो आणि धरतो. शेपटीच्या आडव्या पंखावर हे सगळं इतकं सुरेख झालं की मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. लगेच वर पीयूचा पहिला हात दिला, चांगला भरपूर, दुधाच्या सायीसारखा. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर मागच्या धारेवरचं कापड सुटून वर आलं होतं, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर सुटतं तसं. साधा गोंद पाण्याने वाळतो तसा पाण्यानेच भिजतो, हे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. मी कापडावर अर्धी वाटी पाणीच ओतलं होतं.

सगळं सोलून काढलं. पुन्हा करताना पाण्याला दाद न देणारा, बाथरूमच्या दारांना वापरतात त्या जातीचा गोंद आणला. तोही गरम केल्यावर मऊ होतो का, हे आधी आइस्क्रीमच्या काडीवर बघितलं. होतो, पण इस्त्री थोडी जास्त गरम लागते. आणि पीयूचा पहिला हात नेहमी कोरडा द्यायचा, म्हणजे ब्रश डब्यात बुडवायचा, काठावर दोन्ही बाजूंनी पुसायचा आणि मग लावायचा, हे कॅलेंडरने शिकवलं ते शिकवलं.

इस्त्रीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी मदार तिच्यावर. घरच्या इस्त्रीच्या खटक्यावर नायलॉन, सिल्क, कॉटन असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून विमान होत नाही. मी प्रवासात नेतात ती छोटी इस्त्री घेतली, मल्टिमीटरची तापमान मोजायची तार तिच्या तळाला टेकवली आणि खटक्याच्या कडेला पेनने खुणा केल्या: ११०, १२०, १५०. एका खुणेवर ठेवली तरी ती वीसेक अंश वरखाली होत राहते. दिवा विझला की थोडं थांबून मगच टेकवायची. ११० ला गोंद धरतो. १२० ला कापड आटायला लागतं. १५० ला चांगलं ताणलं जातं. खऱ्या विमानांवर पॉलिस्टर १७५ पर्यंत तापवतात, पण तिथे आत पोलादी नळ्या असतात, माझ्याकडे बाल्सा. अडीचशेच्या पुढे पॉलिस्टर वितळतंच, तिथवर जायची वेळ येऊ देऊ नये. इस्त्रीच्या तळाला आईचा एक जुना सुती मोजा चढवला, म्हणजे कापडावर चकाकीचे डाग पडत नाहीत.

कापड कापायला कात्री नको. पॉलिस्टरच्या कडेचे धागे सुटत जातात आणि ते नेमके रंगात अडकतात. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने पट्टीला धरून ओढलं की कड वितळून बंद होते. उभा धागा पंखाच्या लांबीला आला पाहिजे, कारण हे कापड त्या दिशेला जास्त आटतं आणि त्या बाजूने ओढ सोसायला स्पार, म्हणजे पंखाचा लांब मुख्य दांडा, असतो. हे उमगायला मला एक उजवा एलेरॉन (पंखाच्या मागची हलती झडप) वाया घालवावा लागला. तो केळ्यासारखा वाकला.

पंखावर कापड लावताना आधी मधल्या रिबच्या पुढे इस्त्रीचा एक टाका, मागे एक टाका, मग दोन टोकं, मग मधली जागा. बाजेला नवार भरताना बाबा म्हणायचे, एका बाजूने ओढत गेलास तर बाज तिरकी होणार, तेच इथे. हाताने फार ताणायचं नाही. सुरकुत्या नाहीत एवढंच बघायचं, बाकीचं इस्त्री बघते. पंखाच्या टोकाच्या गोलाईवर कापड ऐकत नाही. तिथे इस्त्रीचं टोक लावून दुसऱ्या हाताने कापड हळूहळू खाली ओढायचं. ते आटत आटत गोलाईवर बसत जातं आणि शेवटी एकही चुणी राहत नाही. हे बघताना मला दर वेळी हसू यायचं. चाळिशी उलटल्यावर उगाच हसायला कारणं कमीच मिळतात.

डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला कापड लावलं आणि उत्साहाच्या भरात तिथेच १५० वर पूर्ण आटवून टाकलं. वरची बाजू उघडीच होती. सकाळी टेबलावर ठेवून बघितला तर पंखाचं टोक ११ मिलिमीटर उचललेलं आणि शिवाय पिळलेलं. कापडाची ताकद किती असते ते त्या दिवशी कळलं. मी हाताने दाबून तो पंख सरळ करू शकत नव्हतो. वर कापड लावून, पंख उलट्या दिशेला पिळून धरून, बायकोला वरून इस्त्री फिरवायला सांगितली. दोघांच्या चार हातांनी तासाभरात ११ चे २ मिलिमीटर झाले. उजव्या पंखाला आधी दोन्ही बाजूंचं कापड नुसतं चिकटवलं, मग पाटावर पिनांनी पक्का करून एक फेरी वर, एक फेरी खाली. तो सरळ निघाला.

बोटाने टिचकी मारली की खंजिरीसारखा आवाज यायला लागला. इथे कुणीही शहाणा माणूस एक दिवस थांबून कौतुक करून घेईल. मी जुलैत पॉलिश लावायला घेतलं.

पीयू डब्यात दुधासारखं पांढरं दिसतं आणि वाळलं की काचेसारखं पारदर्शक होतं. ही त्याची सगळ्यात उपयोगाची खूण. कापडावर जिथवर दुधी रंग आहे तिथवर पाणी आहे. एप्रिलमध्ये नमुन्याच्या तुकड्यावर दुधी रंग वीस मिनिटांत गेला होता. जुलैत पंखाच्या पोटातला गेला, पण रिब्जच्या कडेने दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या रेघा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशाच होत्या. हवेतच एवढं पाणी, की पॉलिशमधलं पाणी जाणार तरी कुठे? डब्यावर छापलेले दोन तास आमच्याकडे दीड दिवसाचे झाले. मी हेअर ड्रायर लावून घाई करून बघितली. वरची साय वाळली, खाली ओलं राहिलं आणि बारीक बुडबुडे आले. ते घासून काढले. त्यानंतर घाई नाही. पाण्याच्या कामात लावणं दहा मिनिटांचं आणि बाकी सगळं वाळवणं. कुरडया-पापड घालणाऱ्या बायकांना यात काय नवल वाटणार! आईने तर सरळ सुचवलं, "वाळवणं उन्हाळ्यात घालतात." तिला हे मेमध्ये विचारायला हवं होतं.

पहिल्या हाताचं आणखी एक दुखणं आहे. कापडाची वीण विरळ, त्यामुळे पॉलिश पातळ केलं की ते आरपार जातं आणि आतल्या बाजूला थेंब होऊन लटकतं. डावा पंख पूर्ण झाल्यावर मी तो खिडकीकडे धरला, उजेडात आतलं सगळं दिसलं. प्रत्येक रिबच्या कडेला ओळीने थेंब, गोठलेले, पावसात तारेवर लटकतात तसे. ते आता विमान मोडेपर्यंत तिथेच राहणार. त्यांचं वजन मी वाहणार. उजव्या पंखाला पहिला हात पाणी अजिबात न घालता, स्पंजच्या ब्रशने, जवळजवळ कोरडाच दिला. तो फक्त विणीच्या चौकटीत अडकून बसतो, पलीकडे जात नाही. एकदा वीण बंद झाली की पुढचे तीन हात पातळ करून द्यायला हरकत नाही. काट्यावर ठेवले तेव्हा डावा पंख उजव्यापेक्षा १४ ग्रॅम जास्त भरला. ते १४ ग्रॅम म्हणजे ते थेंब.

जिथे बाल्साचा पत्रा आहे, म्हणजे पंखाच्या पुढच्या धारेवर आणि केबिनच्या छपरावर, तिथे पाण्याने लाकडाचे रेषे उठतात. हात फिरवला तर न घोटलेल्या हनुवटीसारखं लागतं. तिथे कापड लावायच्या आधीच एक हात देऊन, वाळवून, ३२० च्या पॉलिश पेपरने घासून घ्यायचं. हे मी वेळेत केलं. काही गोष्टी वेळेतही केल्या, हे सांगायला नको का.

याच सुमाराला मामा आले. आता ऐंशीच्या घरात आहेत, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतात. आल्या आल्या नाकाने हवा हुंगली आणि म्हणाले, "वास नाही."

"पाण्याचं आहे मामा, डोप नाही."

"पाण्याचं विमान," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी पंख त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांसमोर आडवा धरून धारेवरून नजर टाकली, अंगठ्याने दोन रिब्जच्या मधे दाबलं, टिचकी मारली. मग डाव्या पंखाला तसंच केलं. "हा वाकडा होता ना?" दोन मिलिमीटर त्यांनी चष्म्याशिवाय पकडले. चहा घेता घेता त्यांनी मला हँगरमधली एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यात डोप लावला की वर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर यायचा, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. मग सगळं पुन्हा. "पावसाशी भांडण तेव्हाही होतंच," ते म्हणाले. "तुझ्याकडे वास नाही एवढंच."

मग मी त्यांना मॉस्किटोचं सांगितलं, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. दुसऱ्या महायुद्धातलं डी हॅविलंडचं मॉस्किटो लाकडी होतं. मधे बाल्सा, दोन्ही बाजूंना बर्चचा प्लाय, आणि त्यावर डोप केलेलं तलम सुती कापड. त्या कापडाचं नाव मदापोलम, आणि ते नाव पडलं आंध्रात नरसापूरजवळच्या एका गावावरून. लंडनजवळच्या कारखान्यातल्या विमानाच्या अंगावर गोदावरीकाठच्या गावाचं नाव. मामांनी मान हलवली. "आणि तुझ्या अंगावर रविवार पेठ."

ते गेल्यावर मी पट्ट्यांचं काम काढलं, आणि या सगळ्या प्रकारात मला हेच सर्वांत आवडलं. खऱ्या विमानात कापड नुसतं चिकटवून भागत नाही. पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापडाला वर ओढत असते, म्हणून ते प्रत्येक रिबला दोऱ्याने शिवतात आणि टाक्यांवर कातरलेल्या कडेची पट्टी चिकटवतात. मॉडेलला शिवण्याची गरज नाही, पण ती दिसली नाही तर ते पुष्पक कसलं? शेजारच्या शिंप्याकडून नागमोडी कात्री तासाभरासाठी आणली, त्याच कापडाच्या १२ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापल्या. पट्ट्या चिकटवायच्या आधी प्रत्येक रिबवर गोंदाचे ठिपके द्यायचे. इंजेक्शनच्या सिरिंजमधून, बोथट सुईने, दर ११ मिलिमीटरवर एक. ठिपका उंच राहिला की वाळून बसतो, म्हणून गोंद थोडा दाट. त्यावर ओली पट्टी ठेवून बोटाने दाबत गेलं की प्रत्येक ठिपक्यावर पट्टी किंचित उचलली जाते आणि तिरप्या उजेडात हुबेहूब शिवण दिसते. एका पंखावर साडेपाचशेच्या आसपास ठिपके झाले. रेडिओवर नाट्यसंगीत लावून रात्री अकरा ते एक, सहा रात्री. बायको मधूनच उठून यायची, बघायची, काही न बोलता जायची.

रंग साधा, बाहेरच्या भिंतींना देतात तो ॲक्रिलिक इमल्शन. रंगाच्या दुकानदाराने मशीनवर पिवळा मिसळून दिला. तो गाळला, पाणी आणि थोडं पीयू घातलं, आणि एअरब्रशने पातळ पातळ तीन हात दिले. आधी एक करडा हात, कारण उन्हातली अतिनील किरणं पॉलिस्टरला हळूहळू कुजवतात. खऱ्या विमानांवर त्यासाठीच पिवळ्या-पांढऱ्याच्या आत चंदेरी थर असतो. सगळा रंग मिळून वाळल्यावर ६१ ग्रॅम भरला. कापड, गोंद, पॉलिश, पट्ट्या, रंग असं सगळं पांघरूण २४० ग्रॅमच्या आत बसलं. पूर्ण विमान बॅटरीसकट २ किलो ७०० ग्रॅम.

रंग वाळला असं वाटल्यावर चौथ्या दिवशी उजवा पंख जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवला आणि डाव्याच्या मागे लागलो. ॲक्रिलिक हाताला कोरडा लागतो, पण पुरता पिकायला आठवडे घेतो, आणि तोवर ज्याच्यावर दाबून ठेवाल त्याला धरतो. रात्री पंख उचलला तर वर्तमानपत्र सोबत आलं. सोलून काढलं तेव्हा खालच्या पिवळ्या रंगावर दीड ओळ छापलेली, अक्षरं उलटी. आरशात धरून वाचली. पाणीकपातीची बातमी होती. ती घासून पुन्हा रंग दिला, पण तिथे पट्टीखालचे दोन ठिपके घासले गेले आणि ती जागा मला अजून दिसते. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मामांना दिसेल.

ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्यांदा माळावर नेलं तेव्हा गाडीतून काढून गवतावर ठेवलेलं असताना डाव्या पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूचं कापड ढिलं पडून सुरकुतलं. घाबरलो. घरी आल्यावर रंगाच्या वरूनच मोजा चढवलेली इस्त्री १३० वर, अगदी हलक्या हाताने फिरवली, पुन्हा ताणलं गेलं. तिथे मी पहिल्या वेळी १५० पर्यंत गेलोच नव्हतो बहुतेक. पुढच्या रविवारी उडवलं. पहिलं उड्डाण साडेचार मिनिटांचं, थोडं डावीकडे ओढत होतं, ते १४ ग्रॅम आणि २ मिलिमीटर मिळून. रिमोटवर ट्रिमचे, म्हणजे बारीक दुरुस्तीचे, चार खटके दिल्यावर सरळ चाललं. उन्हाकडे वळताना पंख पारदर्शक होऊन आतल्या रिब्ज दिसल्या तेव्हा हातातल्या रिमोटकडे माझं लक्ष नव्हतं, हे कबूल करतो.

तिसऱ्या खेपेला उतरताना ते पुढे जाऊन बाभळीत शिरलं. बाकी काही नाही, रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूला, बोटभर लांब फाटलं. ठिगळाला वीतभर कापड हवं होतं. चार मीटरमधलं उरलेलं कपाटात मिळेना, म्हणून रविवार पेठेत गेलो. दुकानदाराने लांबूनच ओळखलं. "विमानवाले! उडालं का?" त्याने तोच तागा दाखवला, तोच रंग, तोच पोत. घरी येऊन २० चा चौकोन आखला, इस्त्री फिरवली. २०. पुन्हा फिरवली, १६० वर. २०. नवीन लॉट होता, मिलने सेटिंग सुधारलं होतं.

मी स्वयंपाकघरात हे गाऱ्हाणं सांगत होतो आणि आई ऐकत भाजी निवडत होती. मग तिने ओट्याच्या वरच्या फळीकडे बोट केलं. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला होता. माझं कापड.

"एवढं तलम होतं, वाया कशाला घालवायचं," ती म्हणाली.

ते सोडलं, दोनदा साबणाने धुतलं, मधोमध हळदीचा गोल डाग तसाच राहिला. कडेचा एक तुकडा कापून चौकोन आखला, इस्त्री टेकवली आणि तो आवळला. रडरवर ठिगळ बसलं, चार हात पीयू, वर करडा, वर पिवळा. डाग पिवळ्याखाली गेला. मोहरीचा वास मात्र इस्त्री फिरवताना खोलीभर आला होता, आणि बायकोने आतून विचारलं, "आता काय फोडणीला टाकलंस?"